ब्रूटसला नेमकं कोणी फितवलं?

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलचं वक्तृत्वशास्त्र पाहिलं. आज ते हाताशी धरून शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’कडे वळू. नाटक १५९९ सालचं. कथा घेतली आहे प्लुटार्ककडून, आणि घटना आहे इसवी सनपूर्व ४४ मधल्या १५ मार्चची. कथानक बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

हे नाटक आम्ही अनेक वर्षं एका ठरावीक पद्धतीनं समजावून सांगत आलो. कॅशियस धूर्त, त्यानं भोळ्या ब्रूटसला फितवलं. अँटनी त्याहून धूर्त, त्यानं भोळ्या जमावाला फितवलं. म्हणजे दोन लबाड आणि दोन बळी. आज ही मांडणी आम्हाला पटत नाही. ब्रूटसला नेमकं कोणी फितवलं, हा प्रश्न आपण पुन्हा विचारायला हवा.

दुसऱ्या अंकाची सुरुवात बघा. रात्र आहे, ब्रूटस आपल्या बागेत एकटा आहे. तो बोलायला लागतो ते निष्कर्षापासून. सीझरला मारावं लागेल, हे पहिलंच वाक्य. कारणं नंतर येतात. आणि ती कशी येतात? तो स्वतःच कबूल करतो, की सीझरशी माझं वैयक्तिक वैर नाही; त्याच्या विकारांनी त्याच्या विवेकावर मात केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. हा तर आरोपीच्या बाजूचा पुरावा झाला! मग तो म्हणतो, सीझर आज जसा आहे त्यावरून आरोप उभा राहत नाही, तर मग आपण तो असा मांडू: उद्या मुकुट मिळाला तर तो बदलेल. तेव्हा त्याला सापाचं अंडं समजावं आणि अंड्यातच ठेचावं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात स्वार्थानुमान आणि परार्थानुमान असा भेद केला आहे. स्वतःला ज्ञान व्हावं म्हणून केलेलं ते स्वार्थानुमान; स्वतःला झालेलं ज्ञान दुसऱ्याला पटवण्यासाठी रीतसर मांडलेलं ते परार्थानुमान. आता ब्रूटस काय करतोय? बागेत दुसरं कोणी नाही, तरी तो मांडणी करतोय. श्रोताही तोच आहे. प्रतिज्ञा आहे, उदाहरण आहे, पण हेतू कुठे आहे? ‘कदाचित बदलेल’ याला हेतू म्हणता येत नाही. आणि उदाहरण तरी कसलं! सापाच्या अंड्यातून साप निघणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. सीझरमधून काय निघणार, हाच तर वादाचा मुद्दा आहे. म्हणजे जे सिद्ध करायचं, तेच उदाहरणात गृहीत धरलेलं. प्लुटार्क सांगतो की ब्रूटस प्लेटोच्या परंपरेतला अभ्यासू माणूस होता. अशा माणसाला ही चूक दिसू नये? आम्हाला वाटतं, त्याला ती बघायचीच नव्हती.

मग ती चिठ्ठी येते. कॅशियसनं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहून खिडकीतून टाकलेली. चिठ्ठीत रोमबद्दलचं एक वाक्य अर्धवट सोडलेलं आहे. ते पुरं कोण करतं? ब्रूटस! टार्क्विन राजाला हाकलून देणारे आपले पूर्वज त्याला आठवतात आणि गाळलेली जागा तो आपल्या कुळाच्या अभिमानानं भरतो. कॅशियसनं फक्त मोकळी जागा ठेवली होती.

हीच युक्ती या नाटकात पुन्हा पुन्हा दिसते. डेसियस सीझरला घराबाहेर काढतो तो काल्पूर्नियाच्या अशुभ स्वप्नाचा गौरवाचा अर्थ लावून. सीझरला जे ऐकायचं होतं, तेच त्यानं सांगितलं. मन वळवणारा नवं काही आणत नाही. आधीच किलकिलं असलेलं दार तो थोडं ढकलतो.

आता तिसरा अंक. ब्रूटस गद्यात बोलतो, मोजकं आणि तोलून-मापून. माझ्या प्रतिष्ठेवर विश्वास ठेवा, असं तो सांगतो. ॲरिस्टॉटलचं म्हणणं आठवा: वक्त्याबद्दलचा विश्वास त्याच्या भाषणातून निर्माण व्हावा, आधीच्या लौकिकातून नव्हे. ब्रूटस लौकिकावर उसनवारी करतो. पुरावा एकही देत नाही. देणार कुठून, बागेतही तो नव्हता! तरी जमावाला पटतं. आणि जमाव काय ओरडतो? यालाच सीझर करा! ज्या पदाची भीती वाटून खून केला, तेच पद लोक खुन्याला देऊ करतात. लोकांना ब्रूटस पटला, पण त्याचा मुद्दा कळलाच नाही. आमच्या मते नाटकातला सर्वांत भयाण क्षण हा आहे, खंजिराचा नव्हे.

अँटनीची करामत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पहिली: ब्रूटसनं घातलेल्या अटी तो अक्षरशः पाळतो. कटवाल्यांना उघड दोष देत नाही, उलट त्यांची थोरवी पुन्हा पुन्हा गातो. इतकी, की तो शब्द झिजून झिजून शिवी होतो. दुसरी: सीझरच्या झग्यावरची भोकं दाखवून तो सांगतो, हा वार कॅशियसचा, हा कास्काचा, हा ब्रूटसचा. पण खून झाला तेव्हा अँटनी तिथे होता कुठे? ट्रेबोनियसनं त्याला आधीच बाजूला नेलं होतं. कुठला वार कोणाचा हे त्याला कसं कळलं? जमावातलं कोणीही हे विचारत नाही. बरं, खरं सांगा, नाटक पाहताना आपण तरी विचारतो का?

मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकाला ७५ द्राक्मा ठेवलेले असतात. घरं जाळायला निघालेले लोक ते मृत्युपत्र विसरूनच जातात. अँटनीला आठवण करून द्यावी लागते. पुढच्याच प्रवेशात सिना नावाचा कवी केवळ नामसाधर्म्यामुळे मारला जातो. त्यानंतर बंद दाराआड अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस कोणाकोणाला मारायचं याची यादी करतात. लेपिडसचा भाऊ जातो, त्या बदल्यात अँटनीचा भाचा जातो. आणि अँटनी सहज सुचवतो, मृत्युपत्रातल्या देणग्यांना कात्री कशी लावता येईल ते बघू या. खंजिराचा विश्वासघात भर सभेत होतो, हा मात्र टेबलावर, हिशेबाच्या भाषेत. तिसऱ्या अंकानंतर रोमचा नागरिक रंगमंचावर पुन्हा येतच नाही. त्याचं काम झालेलं असतं.

शेवटी ब्रूटसच्या प्रेतापुढे अँटनी त्याची स्तुती करतो, की याच एकट्यानं लोकहितासाठी खून केला. हा नाटकाचा अंतिम निवाडा आहे असं आम्हीच शिकवत होतो. पण हे कोण बोलतंय? प्रेतापुढे उभं राहून बोलण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नाही, तो! तेव्हा तेही भाषण सावधपणे ऐकलेलं बरं.

ब्रूटस मात्र खोटारडा नव्हता, आणि म्हणूनच तो आपल्या जवळचा वाटतो. मरताना तो समाधानानं म्हणतो, की आयुष्यात मला एकही माणूस असा भेटला नाही जो माझ्याशी खरा वागला नाही. कॅशियसच्या त्या चिठ्ठ्या त्याला अखेरपर्यंत कळल्याच नाहीत. आणि बागेतल्या त्या रात्री आपण स्वतःशी किती खरे वागलो, हे त्यानं स्वतःला विचारलंही नाही. लबाडाला ओळखायला आपण शिकतो. आपल्याच मनातला गोड, सुसंस्कृत, तत्त्वनिष्ठ वकील ओळखणं जास्त अवघड. निष्कर्ष आधी आणि कारणं मागाहून येताना दिसली, तर तिथे थांबावं, एवढं तरी हे नाटक आपल्याला नक्की शिकवतं.

आपणही इथे थांबू. पुढच्या वेळी ‘कोरिओलेनस’. नमस्कार.