लाल बावटा आणि कोयत्याची भाषा

डाव्या पक्षांच्या आधुनिकीकरणाची चर्चा अलीकडे पुष्कळ ऐकूं येते. गेलेला मतदार परत कसा मिळवावा, हा तिचा विषय. आणि तींत भाग घेणाऱ्या विद्वानांचीं दोन उदाहरणें ठरलेलीं असतात. जर्मन सोशल डेमॉक्रॅटिक पक्षानें १९५९ सालीं बाड गोडेसबर्ग येथें मार्क्सचें बोट सोडलें आणि दहा वर्षांनीं त्याचे विली ब्रांट चॅन्सेलर झाले. ब्रिटिश मजूर पक्षानें आपल्या घटनेंतील १९१८ सालचें चौथें कलम, म्हणजे उत्पादनसाधनांच्या सामुदायिक मालकीचा संकल्प, १९९५ सालीं बदललें आणि १९९७ सालीं टोनी ब्लेअर प्रचंड बहुमतानें निवडून आले. सिद्धांत बदला म्हणजे मतें येतील, असा बोध यांतून काढण्यांत येतो. हा बोध आम्ही धारूरच्या बाजारांत मोडावयास नेला, तर त्याची किंमत काय येईल?

धारूर हें बालाघाटाच्या डोंगरांतील किल्ल्याचें गांव. तें ज्या जिल्ह्यांत आहे, त्या बीडच्या मतदारसंघानें १९६७ सालीं क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून लोकसभेंत पाठविलें, आणि १९७७ सालीं मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना. नाना पाटील साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नायक, बीडला परके. शिवाय १९६४ मध्यें पक्ष दुभंगलेला. सिद्धांतांतलें एक अक्षरहि कोणीं सौम्य केलेलें नव्हतें. तरी मतें पडलीं. मग पुढें तीं गेलीं कोठें?

कोणी म्हणेल, जातीकडे गेलीं. हें कारण खरें आहे. परंतु तें पुरेसें नाहीं, कारण जात १९६७ सालींहि होतीच. आमच्या मतें डाव्यांचा मतदार जाण्याआधीं त्यांची वाणी गेली. आणि साहित्याच्या मासिकांत या प्रश्नाला हात घालण्याचा अधिकार आम्हांस एवढ्यामुळेंच वाटतो.

ही वाणी एके काळीं किती संपन्न होती! अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक काढलें, तेव्हां पोवाडा, लावणी, तमाशा हीं जुनीं भांडीं घासूनपुसून त्यांत नवें अन्न वाढलें. स्टालिनग्राडसारखी हजारों कोसांवरची लढाई त्यांनीं गिरणगांवच्या चौकांत आणून उभी केली. याच कुळांतलें, गद्यांतलें, दुसरें उदाहरण म्हणजे १९८८ सालीं निघालेली गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका. ती मुळांत व्याख्यान होती आणि तिचें सामर्थ्यहि तेथेंच आहे. लेखक श्रोत्याच्या डोक्यावरून बोलत नाहीं. रयत, सारा, वतन असे श्रोत्याच्या ओळखीचे शब्द घेऊन त्याला पायरीपायरीनें आपल्या निष्कर्षाशीं आणतो. लाखाहून अधिक प्रती खपल्या. पानसरे २०१५ च्या फेब्रुवारींत कोल्हापुरांत गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या पक्षानें पुस्तिकेचा अभिमान पुष्कळ बाळगला, पण तिची शैली उचलली नाहीं. ठरावांची भाषा मक्तेदारी भांडवल, अंतर्विरोध आणि व्यापक आघाडी यांतच घोटाळत राहिली. इंग्रजी वाक्याची खुर्ची तशीच ठेवून तिच्यावर मराठी शब्द बसवावे, असें हें गद्य.

याची किंमत कोणास मोजावी लागली, तें धारूरच्या वाड्यावस्त्यांवर दिसतें. दसरा-दिवाळी झाली कीं येथील कुटुंबें ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत हंगाम आपला नसतो. नवराबायको मिळून हिशेबांत एक ‘कोयता’ होतो. या एका शब्दांत जें आहे तें शंभर ठरावांत नाहीं. माणूस हत्याराच्या नांवानें मोजला जातो आणि त्यांतली बाई तर वेगळी मोजलीहि जात नाहीं. तिच्या नांवानें दिसतो तो फक्त खाडा, कारण एका दिवसाच्या खाड्याला दंड कापला जातो. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा होऊन २०१९ सालीं शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती नेमावी लागली. ‘कामगार’ हा पुल्लिंगी, एकवचनी शब्द घेऊन या बाईकडे जातां येत नाहीं. डाव्या संघटनांनीं तोडणीच्या दरासाठीं संप केले, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण गोपीनाथराव मुंडे यांनीं याच माणसांना आपलेपणानें हांक मारली, दरांच्या वाटाघाटींत त्यांची बाजू घेतली, आणि ते दुसऱ्या टोंकाच्या पक्षाचे असूनहि माणसें त्यांच्यामागें गेलीं. त्यांची हांक कळे. डाव्यांचा ठराव समजावून घ्यावा लागे.

भाषा सुधारली कीं सर्व कांहीं झालें, इतके भोळे आम्ही नाहीं. मार्च २०१८ मध्यें किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईस पायीं आला आणि दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊं नये म्हणून शेवटची मजल रात्रींच चालला. सोललेल्या तळपायांनीं जें वक्तृत्व केलें, तें पाहून मध्यमवर्गहि विरघळला. तथापि पुढच्याच वर्षीं मोर्च्याचे एक पुढारी जे. पी. गावित कळवणहून पडले. निवडून आले ते डहाणूचे विनोद निकोले, आणि २०२४ सालींहि तेच. टाळी आणि मत यांत अंतर आहे. डहाणूंत वारली जमिनीचा प्रश्न पक्षानें १९४५ पासून, गोदावरी परुळेकरांच्या काळापासून, हातचा सोडलेला नाहीं. तेथें शब्दामागें तीन पिढ्यांचा वावर उभा आहे.

ऊसतोडणाऱ्यामागें असा वावर ठेवणें अधिक कठीण आहे. त्याचा मालक एका जिल्ह्यांत, मत दुसऱ्या जिल्ह्यांत. कार्यकर्ता गांवांत पोहोंचतो तेव्हां घराला कुलूप असतें आणि म्हातारी माणसें तेवढीं ओसरीवर. २०२४ सालचें विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला, ऐन हंगामाच्या तोंडावर आलें. ज्या पक्षाला आधुनिक व्हावयाचें आहे त्यानें मोबाइलवरचीं चित्रें थोडीं बाजूस ठेवून उसाच्या फडांत, कोपीवर मतपेटी मागावी आणि बाईचा अर्धा कोयता तिच्या नांवानें मांडावा. या दोन मागण्या लिहावयास बसलें, तर एकाहि परभाषी शब्दाची गरज लागत नाहीं.