दोन ‘श्यामची आई’ आणि माजघरातला सर्व्हर

गेल्या मे महिन्यात बुरोंडीच्या घरी आजीसाठी ‘श्यामची आई’ लावायला घेतला. टीव्हीवर पोस्टर आलं. नाव बरोबर, खालचा सारांश बरोबर, चित्र कृष्णधवल. आजीने चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाली, “अरे, ही ती नाय.”

“तीच आहे गं. नाव वाच.”

“नाव आसंल. वनमाला नाय ही.”

खरंच नव्हती. पोस्टर होतं सुजय डहाकेंच्या २०२३ च्या ‘श्यामची आई’चं आणि फाईल होती आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाची. फाईलच्या नावात मी वर्ष लिहिलं नव्हतं, त्यामुळे चूक माझीच. सर्व्हरने नाव वाचलं, बाहेरच्या कोशात शोधलं आणि नवा सिनेमा उचलला. दोन्ही सिनेमे कृष्णधवल, म्हणून मलाही संशय आला नाही. साने गुरुजी आमच्याच दापोली तालुक्यातल्या पालगडचे, त्यांच्या पुस्तकावरच्या अत्र्यांच्या सिनेमाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेलं, आणि पालगडपासून फार लांब नसलेल्या आमच्या माजघरात तो दुसऱ्याचा चेहरा लावून बसला होता.

त्या दिवसापासून मी या सॉफ्टवेअरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. एखाद्या कवितासंग्रहाच्या संपादनावर आपण लिहितो. काय घेतलं, काय गाळलं, प्रस्तावनेत काय ठोकून दिलं, ते बघतो. मीडिया सर्व्हर घरातल्या सगळ्या चित्रफितींचं असंच संपादन करतो. मग त्याचं परीक्षण का होऊ नये?

आधी आमच्या घरातली मांडणी सांगतो. माजघरातल्या फडताळात दोन हार्डडिस्कचा एक डबा आहे. त्याला नॅस म्हणतात. घरच्या वायफायला जोडलेली साठवणूक, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर असतो, म्हणजे एक मेली तरी दुसरी असते. (याला बॅकअप म्हणू नका. चुकून फाईल पुसलीत तर ती दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. आणि डबा पाण्यात गेला तर दोन्ही बुडतात.) डब्यात काय आहे? बाबांनी विकत घेतलेल्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी, आम्हा भावंडांच्या फोनमधले व्हिडिओ, आणि बाबांनी शिमग्यात केलेलं व्हीएचएस चित्रीकरण.

हा डबा घ्यायचं कारण निसर्ग वादळ. ३ जून २०२० ला ते किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडने काय बघितलं ते इथल्या माणसांना सांगायला नको. आमच्या पोटमाळ्यावरची कौलं गेली. तिथल्या खोक्यात अकरा कॅसेट होत्या. चार भिजल्या आणि त्यांना बुरशी लागली. उरलेल्या सात बाबांनी दुसऱ्या वर्षी दापोलीत नेऊन संगणकावर उतरवून घेतल्या. त्या सातांपैकी एकीत १९९८ चं नमन आहे, आणि त्यात संकासुर झालेले नानाकाका आहेत. काका २०११ मध्ये गेले. त्यांचा हलता-बोलता पुरावा आमच्याकडे एवढाच.

डब्याबरोबर बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर येतं. मग बाहेरचं का घ्यायचं? याचं उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये सिनॉलॉजीने सगळ्या जगाला दिलं. तैवानची ही कंपनी या धंद्यातली मोठी. तिने आपल्या प्रणालीच्या ७.२.२ या आवृत्तीत ‘व्हिडिओ स्टेशन’ हे स्वतःचं सॉफ्टवेअर बंद केलं, आणि एचईव्हीसी प्रकारचे व्हिडिओ डब्यातच उलगडून दाखवायची सोयही काढली. एचईव्हीसी म्हणजे २०१७ नंतरचे आयफोन मुळात ज्या पद्धतीने चित्रीकरण करतात ती पद्धत. तुम्ही अपडेटचं बटण दाबता आणि काल चालत असलेली गोष्ट आज नसते. डबा तुमचा, वीज तुमची, भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ तुमचा, पण तो दाखवायचा की नाही हे ठरवणार दुसरं कोणी. म्हणून लोक प्लेक्स, एम्बी, जेलीफिनकडे जातात.

पण बाहेरचं म्हणजे स्वतंत्र, असं समजू नका. प्लेक्सचा जन्म एक्सबीएमसी या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमधून झाला. मूळचं एक्सबीएमसी पुढे २०१४ मध्ये कोडी झालं, आणि फुटून निघालेलं प्लेक्स कंपनी झालं. दिसायला आजही तेच सर्वांत देखणं. मात्र तुमच्याच घरातला तुमचाच व्हिडिओ बाहेरगावाहून बघायला २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सला पैसे द्यावे लागतात, आणि त्याच दिवशी त्यांचा आजन्म पास सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेला. कंपनीला पोट असतं, हे मला मान्य आहे. माझी खरी तक्रार दुसरी आहे. प्लेक्सचं खातं त्यांच्या सर्व्हरवर असतं. वेगळी सेटिंग आधीच करून ठेवली नसेल, तर घरातल्या घरात लॉगिन करायलाही बाहेरचं इंटरनेट लागतं. शहरात हा मुद्दा पुस्तकी वाटेल. पावसाळ्यात बुरोंडीत केबल तुटते, लाईट येते-जाते, इन्व्हर्टरवर टीव्ही चालू असतो आणि इंटरनेट मेलेलं असतं. घरातला सिनेमा बघायचा असतो तो नेमका त्याच दिवशी.

जेलीफिनची गोष्ट मला आवडते, कारण ती भांडणातून सुरू होते. एम्बीने २०१८ मध्ये आपला कोड बंद केला. काही लोकांनी शेवटची खुली आवृत्ती, ३.५.२, उचलली आणि त्याच डिसेंबरमध्ये वेगळी चूल मांडली. खाती तुमच्याच डब्यात, पासचा प्रश्न नाही, कंपनी नाही. आमच्याकडे हेच आहे आणि माझी बाजू हीच, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची टीका घरच्या माणसाने केलेली आहे हे कळेल.

टीका अशी. जेलीफिनला वाटतं की घरातल्या प्रत्येक चित्रफितीला जगात कुठेतरी नोंद असते. फाईल दिसली की ते टीएमडीबी या लोकांनी भरलेल्या चित्रपटकोशात विचारतं, आणि तिथून नाव, वर्ष, पोस्टर, नटांची यादी आणतं. हॉलीवूडच्या बाबतीत हे जादूसारखं चालतं. मराठीच्या बाबतीत कोश विरळ होत जातो. सारांशाची भाषा मराठी निवडली, तरी मराठीत कोणी लिहिलंच नसेल तर इंग्रजी येतो. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ या सिनेमांची ओळख आपल्या घरच्या पडद्यावर इंग्रजीतून वाचायची वेळ येते. यात सॉफ्टवेअरचा दोष थोडा, आपला जास्त. त्या कोशात कोणीही लिहू शकतं, आणि आपण पाचशे शब्दांचं भांडण फेसबुकवर करतो पण तीन ओळींचा सारांश तिथे भरत नाही. मी चार भरले. पाचव्याला कंटाळा आला.

सिनेमांची नावं देवनागरीत ठेवलीत तर आणखी गंमत. बाजूला अक्षरांची पट्टी असते, एखाद्या अक्षरावर थेट उडी मारायला. ती ए ते झेड. ‘पिंजरा’ला त्या पट्टीत घर नाही. सबटायटल चित्रावर उमटवायची वेळ आली आणि सर्व्हरवर देवनागरी फाँट नसेल, तर संवादाच्या जागी चौकोन येतात. फाँट आपण टाकू शकतो, सोय आहे. पण सोय आहे हे शोधायला माझी एक रात्र गेली. असली सॉफ्टवेअर फुकट असतात ती अशी. पैसे वाचतात, रात्री जातात.

व्हीसीडींनी मात्र सुखद धक्का दिला. सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावायचा, म्हणून एक सिनेमा दोन चकत्यांवर यायचा. ‘अशी ही बनवाबनवी’च्या मध्यात उठून चकती बदलणारी आमची शेवटची पिढी. आत ‘डॅट’ नावाच्या फाईली असतात. त्या एमपीईजीत काढल्या आणि नावांना सीडी-१, सीडी-२ असं शेपूट लावलं की जेलीफिन दोन्ही जोडून सलग एक सिनेमा दाखवतं. कधीकाळी कोणीतरी दोन चकत्यांच्या घरांचा विचार करून ठेवला, याचं मला फार बरं वाटलं. चित्र ३५२ बाय २८८ चं, आजच्या टीव्हीवर पाण्यात भिजल्यासारखं दिसतं. पण सेकंदाला साधारण सव्वा मेगाबिटच लागतं, त्यामुळे विरारला आत्याच्या फोनवर ते न अडखळता पोचतं. फोर-के चित्रीकरण बुरोंडीची वेस ओलांडताना धापा टाकतं.

पोचतं म्हणालो, पण ती वाट सरळ नाही. इथल्या बऱ्याच जोडण्यांत एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. वाडीला मिळून एकच दरवाजा असावा तसं. बाहेरून आलेल्याने कोणाची कडी वाजवायची? मग टेलस्केलसारखं आणखी एक ॲप लागतं, जे आतून बाहेर जाणारी खासगी वाट काढतं. आत्याला फोनवरून दोन ॲप घालायला शिकवताना मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

तर नमन. १९९८ ची ती फाईल मी आधी सिनेमांच्या कप्प्यात टाकली, आणि जेलीफिनने तिला कुठल्याशा परदेशी चित्रपटाचं पोस्टर चिकटवलं. कप्पा बदलून ‘घरचे व्हिडिओ’ केला. तिथे ते कोणाला काही विचारत नाही, पण सांगतही नाही. फाईलचं नाव, एक धूसर चौकट, बस. म्हणजे दोनच पर्याय. एक तर जगाच्या कोशातली नोंद, नाहीतर बिननावाची कौटुंबिक फीत. नमन या दोन्हींत बसत नाही. त्याला गण असतो, गवळण असते, सोंगं ठरलेली असतात, मृदंगवाला कोण यावर गाव कान देऊन असतं. ते नाटक आहे आणि घरचंही आहे.

आणखी एक खुपतं. आत्याने ती फीत पहिल्यांदा पूर्ण बघितली त्या रात्री त्या चौकटीवर बरोबरची खूण उमटली: पाहून झालं. सॉफ्टवेअरच्या हिशेबात नानाकाका संपले. मालिका बघणाऱ्यांसाठी ती खूण सोयीची असेल, पण सगळ्याच गोष्टी उरकण्यासाठी बघितल्या जात नाहीत. ती खूण बंद करायचा पर्याय मी शोधला. नंतर कळलं, आत्या ती फीत जवळजवळ दर रविवारी लावते. खुणेकडे तिचं लक्षही नाही.

व्हीएचएसच्या चित्रात एक आड एक रेघा असतात. तशीच फीत लावली की संकासुर गरकन फिरताना त्याच्या काळ्या झग्याच्या आणि उंच टोपीच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. सर्व्हरला चित्र उलगडून पुन्हा बांधायला सांगितलं की त्या रेघा जुळतात, पण आमच्या स्वस्त डब्याचा प्रोसेसर त्यात घामाघूम होतो. शेवटी लॅपटॉपवर एकदाच फीत नीट करून डब्यात ठेवली. मूळ फाटकीही ठेवली आहे. पुण्यात २००३ मध्ये जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागली तेव्हा प्रभातच्या मूळ प्रतीही गेल्या, हे वाचल्यापासून मूळ टाकायला हात होत नाही.

मग एक युक्ती सापडली. जेलीफिन प्रत्येक फाईलशेजारी एक छोटी मजकुराची फाईल वाचतं, एनएफओ नावाची. तिच्यात आपण स्वतः नाव, वर्ष, सारांश आणि नटांची यादी लिहू शकतो, आणि कुलूप लावू शकतो, म्हणजे बाहेरचा कोश तिला हात लावत नाही. नमन परत सिनेमांच्या कप्प्यात आणलं. पोस्टर म्हणून चित्रीकरणातलीच एक चौकट घेतली. सारांश मराठीत लिहिला. नटांच्या यादीत लिहिलं: नानाकाका, भूमिका संकासुर. जी व्यवस्था मला इतकी खुपत होती, तिनेच काकांचा फोटो वनमालाबाई वापरतात त्याच आकारात, त्याच पट्टीत मांडला. तिथे बोट ठेवलं की त्यांचं पान उघडतं. चित्रपट: १.

आत्याचा त्याच रात्री फोन. मला वाटलं रडेल.

“मृदंगावर कोण ते लिवलं नाहीस,” ती म्हणाली.

बाबांना विचारलं. त्यांना आठवेना. कॅमेरा त्यांच्याच हातात होता, पण तो सगळा वेळ काकांवर. मृदंग ऐकू येतो, वाजवणारे हात फ्रेमच्या डाव्या कडेला एकदाच दिसतात. आजी म्हणते वरच्या वाडीतले दोघं वाजवायचे, आळीपाळीने, त्या वर्षी कोण होतं ते तिथेच विचारावं लागेल. यादीत एक ओळ रिकामी ठेवली आहे. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा हातांचा तो तुकडा फोनवर घेऊन जाणार आहे.