ठोका जुळला, कारण चुकलं

हृदय आपोआप कसं धडधडतं, यावर काम करायचं असेल तर डेनिस नोबल यांचा 1962 चा पेपर आधी वाचा. हृदयातल्या पर्किंजे तंतूंचा ठोका त्यांनी समीकरणांतून, संगणकावर उभा केला. बाहेरून इशारा न देता गणितातला ठोका पडत राहतो. ही त्या पेपरची मोठी कमाई.

पण एक जागा कच्ची आहे. दोन ठोक्यांच्या मधे पेशीचं व्होल्टेज हळूहळू चढतं. नोबल यांचं स्पष्टीकरण असं, की बाहेर जाणारं पोटॅशियम कमी होतं म्हणून. आलेख जुळला आणि पुढं बरीच वर्षं हेच चाललं.

आमच्या माजलगाव धरणाचं बघा. पातळी वाढली. कालवा बंद केला म्हणून, की सिंदफणेला पाणी आलं म्हणून? नुसत्या पातळीवरून कळत नाही.

1981 मध्ये डारिओ डिफ्रान्सेस्को यांनी बेरियम वापरून पोटॅशियमचा दुसरा एक मोठा प्रवाह बाजूला काढला. तेव्हा दिसलं की व्होल्टेज चढवणारा प्रवाह आत येणारा आहे, मुख्यतः सोडियमचा. हाच 'फनी करंट'. सशाच्या सायनोएट्रियल नोडमध्ये, म्हणजे मूळ पेसमेकरमध्ये, तो 1979 मध्येच सापडला होता आणि त्या कामात नोबलही होते. 1985 मध्ये या दोघांनीच नवं मॉडेल मांडलं.

तेव्हा तुमचं मॉडेल डेटाशी जुळलं की लगेच खूश होऊ नका. आधी विचारा, कारण दुसरं असतं तरी आलेख असाच आला असता का? उत्तर 'हो' असेल, तर खरा प्रयोग अजून बाकी आहे.