तुतारीपासून कमळापर्यंत : शांतारामांच्या दोन बोधचिन्हांची गोष्ट

(मिठबाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय पडद्यावर जेमतेम पंधरा-वीस सेकंद दिसणारा आहे. चित्रपट सुरू होण्याआधी कंपनीचं चिन्ह येतं, तेवढंच. आपण तेव्हा खुर्ची शोधत असतो, मोबाइल बंद करत असतो. पण त्या सेकंदांमध्ये कंपनी प्रेक्षकाला काहीतरी सांगत असते, आणि काळ बदलला की ते सांगणंही बदलतं. 'प्रभात'ची तुतारी आणि 'राजकमल'चं कमळ, या दोन चिन्हांवरून मला ते दाखवायचं आहे. दोन्हींच्या मागे व्ही. शांताराम आहेत. पहिल्यात ते पाचांपैकी एक होते, दुसऱ्यात एकटे.

तुम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना हे समजावणं सोपं आहे, कारण तुम्ही दशावतार बघत मोठे झालात. जत्रेच्या रात्री आख्यान लगेच सुरू होत नाही. आधी आडदशावतार. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, शारदा येते, मग संकासुर येऊन सगळ्यांना हसवतो. कथेशी त्याचा काही संबंध नसतो. तरी तो भाग झाल्याशिवाय रंगभूमी तयार झाली असं वाटत नाही. हल्ली हा भाग आटपता घेतात, अशी तक्रार तुमच्यातलेच जाणते लोक करतात. ती तक्रार लक्षात ठेवा, शेवटी मला ती लागणार आहे.

प्रभात फिल्म कंपनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात सुरू झाली. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले होते. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी, त्यांचं भांडवल. यातले दामले आणि फत्तेलाल मुळात चित्रकार. चित्राची ताकद कुठे असते हे ज्यांना हाताने माहीत होतं, अशा माणसांची ही कंपनी, हे विसरून चालणार नाही.

त्यांचं चिन्ह तुम्ही पाहिलं असेल. एक स्त्री, मान मागे टाकलेली, तोंड आभाळाकडे, आणि ओठांना लावलेली लांब वळणदार तुतारी. त्यावर सूर. संपलं. आपण ते इतक्या वेळा पाहिलंय की त्यातली विचित्र गोष्ट दिसेनाशी झाली आहे.

असं बघा. कंपनीचं नाव प्रभात. सकाळ. मराठी माणसाच्या कानात सकाळ कशी वाजते? भूपाळी. वासुदेवाच्या चिपळ्या. देवळातली सनई आणि चौघडा. सगळं मऊ, उजेडाबरोबर हळूहळू वर येणारं. या लोकांनी सनई घेतली असती तर कुणी प्रश्न विचारला नसता. त्यांनी तुतारी घेतली. तुतारी राजा येताना वाजते, पालखी निघताना वाजते, लढाईला वाजते. ती हळू वाजवताच येत नाही. म्हणजे ही सकाळ देवाला उठवणारी नाही, माणसांना उठवणारी आहे. आणि 1929 सालच्या वाचत्या मराठी माणसाला तुतारी म्हटल्यावर आणखी एक गोष्ट आठवायची. आपल्याच किनाऱ्यावरच्या मालगुंडच्या केशवसुतांनी 1893 मध्ये 'तुतारी' कविता लिहिली आणि तेव्हापासून तो शब्द सामाजिक सुधारणेचा झाला. कंपनीने तो अर्थ मुद्दाम उचलला असं माझं म्हणणं नाही. तो अर्थ हवेत होता, एवढंच म्हणतो.

दुसरी विचित्र गोष्ट, वाजवणारी बाई आहे. आपल्या देवळांत, मिरवणुकांत तुतारी पुरुष वाजवतो. अलीकडे 2024 मध्ये एका पक्षाला निवडणूक चिन्ह मिळालं तेही 'तुतारी वाजवणारा माणूस'. इथे मात्र बाई. जगभर स्टुडिओंच्या चिन्हांत बायका आहेत, नाही असं नाही. अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीची मशालवाली प्रसिद्धच आहे. पण ती उभी राहते आणि प्रकाश देते, पुतळ्यासारखी. प्रभातची बाई काम करते आहे. तिच्या छातीत हवा भरलेली आहे, गळा ताणलेला आहे. आणि मग त्या कंपनीच्या चित्रपटांत बघा. 'अमरज्योती'त 1936 साली दुर्गा खोटे समुद्रावर राज्य करणारी चाच्यांची राणी आहे. 'कुंकू'त 1937 साली शांता आपटेची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी झालेलं लग्न मानायलाच नकार देते. चिन्हातली बाई आणि पडद्यावरची बाई एकाच घरातल्या वाटतात. हे साधणं सोपं नाही. बहुतेक कंपन्यांचं चिन्ह एक बोलतं आणि चित्रपट दुसरंच.

याचं गमतीदार उदाहरण म्हणजे मेहबूब खान. त्यांच्या चिन्हात विळा-हातोडा, आणि सोबत ऐकू येणारा शेर काय म्हणतो, तर शेवटी देवाच्या मनात असेल तेच होतं. क्रांती आणि नशीब एकाच चौकटीत! मला ते चिन्ह आवडतं, त्यातल्या भाबडेपणासकट.

आता आवाजाकडे येऊ. प्रभातने आधी सहा मूकपट काढले, 'गोपालकृष्ण'पासून 'जुलूम'पर्यंत. 1932 साली 'अयोध्येचा राजा' आला आणि कंपनी बोलू लागली. तुतारीसारखं चिन्ह बोलपटातच खरं जिवंत होतं. हॉलीवूडमधला एमजीएमचा सिंह आठवा. 1924 पासून चार वर्षं तो पडद्यावर मुकाच होता, 1928 मध्ये त्याला गर्जना मिळाली. ब्रिटनमध्ये रँक कंपनीच्या चिन्हात एक पैलवान गडी भली मोठी घंटा ठोकतो. ती घंटा कागदाच्या लगद्याची होती, आवाज जेम्स ब्लेड्स नावाच्या वादकाने वेगळ्या वाद्यावर काढलेला. आवाज आला तशी जगभर ही चिन्हं ओरडू लागली. पण सिंह काय, घंटा काय, ते 'आम्ही आलो' एवढंच सांगतात. तुतारी 'तुम्ही उठा' असं सांगते. माझ्या मते फरक इथे आहे.

हे मी जास्त ताणतोय असं कुणाला वाटेल, म्हणून एक पुरावा देतो. 1930 साली प्रभातने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. त्याचं नाव होतं 'स्वराज्याचे तोरण'. ते साल कोणतं हे इथे सांगायला नको, त्याच साली तुमच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. सेन्सॉरने 'स्वराज्य' या शब्दाला हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. नवं नाव काय ठेवलं? 'उदयकाल'. म्हणजे प्रभातच! स्वराज्य म्हणू देत नाही ना, मग आम्ही पहाट म्हणतो. कंपनीच्या नावातच तो शब्द होता, तो कोण कापणार? म्हणून त्या काळातल्या प्रेक्षकाला ती तुतारी नुसती शोभेची वाटली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. तिथला इतिहास तुम्हाला माहीत आहे, 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'माणूस', 'शेजारी'. तो मी सोडतो.

1942 मध्ये शांताराम बाहेर पडले आणि मुंबईत परळला, वाडिया मूव्हीटोनच्या जागेत, राजकमल कलामंदिर उभं राहिलं. नाव कशावरून? वडील राजाराम, आई कमल. मुलाने आईवडिलांची नावं लावली, चांगलीच गोष्ट आहे, त्यावर टीका करायची नाही मला. पण फरक बघा. पाच जणांच्या कंपनीत कुणाचंच नाव नव्हतं, एक वेळ होती, सगळ्यांची. आता एक घराणं आहे आणि पुढे 'मंदिर' हा शब्द आहे. चिन्ह नावाला धरूनच आलं. कमळ, आणि त्यात फुलं उधळणारी स्त्री.

देखणं आहे, प्रश्नच नाही. शांतारामांना चौकट कशी भरायची हे कुणी शिकवायला नको होतं. पण बाईच्या हातातली तुतारी गेली आणि फुलं आली. तुतारीवाली प्रेक्षकाला हाक मारत होती. कमळातली त्याचं स्वागत करते, त्याला बसवते, कलेच्या पूजेला आलाय म्हणून. उठायचं काम प्रेक्षकाकडे उरत नाही. पुढचं राजकमल बघा. 'झनक झनक पायल बाजे', 'नवरंग', 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली'. रंग, नाच, सजावट, आणि मधोमध शोभिवंत केलेली स्त्री. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आणि 'दो आँखें बारह हाथ' या रांगेत बसत नाहीत, हे मान्य. मला तर 'दो आँखें'च्या आधी ते कमळ बघताना नेहमी खटकतं. माळरानावरच्या सहा कैद्यांच्या गोष्टीला ही फुलं कशाला? तिथे जुनी तुतारी हवी होती.

त्याच सुमारास राज कपूरने पुढचं पाऊल टाकलं. 1949 च्या 'बरसात'मधली मुद्रा, एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर नर्गिस, तीच आर. के. फिल्म्सचं चिन्ह झाली. आईवडीलही गेले, आता मालक स्वतःच चिन्हात. चेंबूरच्या त्या स्टुडिओला 2017 साली आग लागली, मग जागाही विकली गेली. चिन्ह मात्र लोकांच्या डोळ्यांत राहिलं.

आणि आज? आज मराठी चित्रपट लागला की एकामागून एक चार-पाच चिन्हं येतात. प्रस्तुतकर्ता, निर्माता, सहनिर्माता, संगीत कंपनी. प्रत्येकाचं संगणकावर केलेलं सोनेरी काहीतरी फिरतं आणि धडाम वाजतं. पैसे कोणी घातले त्याची ती यादी आहे. लोकांना कंटाळा येतो, त्यात त्यांची चूक नाही.

पण जुन्या चिन्हांचं काय होतंय, ते मला जास्त टोचतं. चिन्ह पहिल्या रिळाच्या अगदी तोंडाशी असतं. रीळ यंत्रात भरताना हात लागतो तो तिथेच. फिल्म तुटते तीही तिथे, ऑपरेटर तुटका तुकडा कापून जोड मारतो, आणि गावोगाव फिरलेल्या प्रिंटमध्ये सगळ्यात आधी झिजतं ते चिन्ह. 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या मालाचंही नुकसान झालं. जे उरलं त्याच्या पुढे इंटरनेटवर कुणीतरी आपल्या चॅनेलची जाहिरात जोडतं, कोपऱ्यात कायमचा शिक्का मारतं, आणि वेळ वाचवायला सुरुवातीचा भाग उडवून देतं. म्हणजे आडदशावतार कापून थेट आख्यान. 'संत तुकाराम' तुतारीशिवाय बघितला तरी विष्णुपंत पागनीस तेवढेच थोर दिसतील, कबूल. पण ती अभंगवाणी कुणी, कुठल्या सालात, कशासाठी लोकांपुढे आणली, हे सांगणारी पाटी निघून गेलेली असेल.

तेव्हा दोन विनंत्या. जुन्या चित्रपटांबरोबर थिएटरात गाण्यांच्या पुस्तिका विकत मिळायच्या. मुंबईला गिरणीत कामाला गेलेली माणसं शिमग्याला, गणपतीला गावी येताना काय काय घेऊन यायची. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी एखादी पुस्तिका असेल तर टाकू नका, मला फोटो काढू द्या, वस्तू तुमच्याकडेच राहू दे. आणि दुसरी, आता मी एक जुनी प्रत लावतो आहे. तिची सुरुवात शाबूत आहे, फक्त आवाजात खरखर आहे. मागचे दोन दिवे तेवढे घालवा.