विद्यार्थ्यांचे उपग्रह आणि न सुटलेली तार

विद्यार्थ्यांनी घडविलेल्या उपग्रहांचे आपल्याकडील मूल्यमापन बहुधा उड्डाणाच्या दिवशीच संपते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे १ किलोग्रॅम वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. वजन आणि तारीख यांचा उल्लेख सर्वत्र आढळतो. परंतु वीज न वेचता, केवळ चुंबकाच्या आधाराने ‘स्वयम्’ला आपली दिशा कितपत राखता आली, हा त्या प्रयोगाचा गाभ्याचा प्रश्न क्वचितच चर्चिला जातो.

या संदर्भात टेथरचे प्रयोग उद्बोधक आहेत. टेथर म्हणजे दावे. मात्र या दाव्याला खुंटी नसते. उपग्रहातून सोडलेली लांब, बारीक तार विद्युत्प्रभारित केली असता भोवतालचा प्लाझ्मा तिला विरोध करतो व उपग्रहाचा वेग हळूहळू घटतो. निकामी उपग्रह इंधनावाचून खाली आणण्याची ही युक्ती होय. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठाच्या ‘एस्टक्यूब-१’ने (२०१३) १० मीटर तार सोडावयाची होती, रीळ फिरलेच नाही. फिनलंडमधील विद्यार्थ्यांचा ‘आल्टो-१’ २०१७ साली आपल्याच श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचीही तार सुटली नाही.

ही अपयशे प्लाझ्माच्या सिद्धान्ताची नव्हेत. सिद्धान्ताची कसोटी लागण्यापूर्वीच प्रयोग रिळापाशी अडला, आणि हा भेद न करता ‘प्रयोग फसला’ असे लिहिणे ही समीक्षा नव्हे.

याची दुसरी बाजू ‘येस-२’ या युरोपीय विद्यार्थ्यांच्या प्रयोगात (२००७) दिसते. त्यातील दोर प्रभारित नव्हता. कुपी पृथ्वीकडे सोडण्यासाठी तो होता. आरंभी तो ८.५ किलोमीटरच सुटला असे मानले गेले. पुढे नोंदींची छाननी झाली, तेव्हा तो ३१.७ किलोमीटर सुटल्याचे आढळले. जामखेडहून खर्ड्याच्या किल्ल्यापलीकडे पोहोचेल एवढी ही लांबी! कुपी सापडली नाही, तरी नोंदी जपल्या असल्यामुळेच हा निर्णय फिरला.

आपल्या विद्यार्थ्यांनी एकदम तार घेऊन अवकाशात जावे, असा आग्रह प्रस्तुत लेखकाचा नाही. रीळ मात्र जमिनीवरही अडते. कंपन, थंडी आणि निर्वात यांत ते कधी व का अडकते, याचा अभ्यास एखाद्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयालाही, कंपनयंत्र व निर्वातपात्र उपलब्ध झाल्यास, हाती घेता येईल. त्यातील फसलेल्या चाचण्यांची कोष्टके प्रबंधात छापण्याची परवानगी तेवढी मार्गदर्शकांनी द्यावयास हवी.