फुगा, फुफ्फुस आणि टक्केवारी

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा. साधारण ३००० बालकांमागे एकात तो गर्भावस्थेत पूर्ण जुळत नाही. उरलेल्या भोकातून आतडी, कधी यकृतही, छातीत शिरते आणि फुफ्फुसांची वाढ खुंटते. भोक जन्मानंतर शिवता येते. खुंटलेली फुफ्फुसे मात्र शिवून मोठी होत नाहीत.

यावर गर्भातच उपाय सुचला. गर्भाच्या फुफ्फुसात द्रव तयार होऊन श्वासनलिकेवाटे बाहेर पडत असतो. नलिका बंद केली तर द्रव साठतो, फुफ्फुस ताणले जाते आणि वाढते. मेंढीच्या गर्भांत हे दिसलेही. पण पटणारा युक्तिवाद म्हणजे पुरावा नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल हॅरिसन यांच्या गटाने मातांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. २००३ साली निष्कर्ष आले. गर्भात उपचार झालेल्या ११ पैकी ८ बालके वाचली, न झालेल्या १३ पैकी १०! शिवाय उपचार झालेली बालके सरासरी सहा आठवडे आधी जन्मली. दुसरा गट नसता, तर '७३ टक्के यश' असेच छापून आले असते.

२०२१ साली दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोनोग्राफीत फुफ्फुसाचे क्षेत्र आणि डोक्याचा घेर यांचे गुणोत्तर काढतात व त्या वयाच्या निरोगी गर्भाशी ताडतात. ते २५ टक्क्यांहून कमी असेल तर दोष तीव्र. तीव्र गटात श्वासनलिकेत फुगा बसवलेल्या ४० पैकी १६ बालके घरी गेली, न बसवलेल्या ४० पैकी ६. मध्यम गटात हेच आकडे ९८ पैकी ६२ आणि ९८ पैकी ४९ असे होते. हा फरक योगायोगाचा नाही, असे खात्रीने म्हणता आले नाही.

यावरून 'तीव्र दोषात उपयोग, मध्यम दोषात निरुपयोगी' असे सूत्र काढले जाते. ते घाईचे आहे. 'सिद्ध झाले नाही' आणि 'उपयोग नाही हे सिद्ध झाले' ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे, तीव्र गटात फुगा २७ ते २९ आठवड्यांत बसवला, मध्यम गटात ३० ते ३१ आठवड्यांत. मग फरक तीव्रतेमुळे पडला की वेळेमुळे? तिसरे, २५ ही रेघ आपल्या मोजपट्टीवर आहे, बाळाच्या शरीरात नाही. शिवाय फुग्याची किंमतही आहे. तीव्र गटात फुगा बसवलेल्या ७५ टक्के मातांची प्रसूती अकाली झाली, इतरांत २९ टक्के. फुगा काढताना झालेल्या गुंतागुंतीत बालके दगावलीही.

आईवडिलांना डॉक्टर टक्केवारी सांगतात, तेव्हा ती एका गटाची असते. त्यांचे बाळ मात्र एकच असते. शाळेत आपण सरासरी काढायला शिकवतो. ती कोणाची, कोणाशी ताडून आणि कधी मोजलेली, हे विचारायलाही शिकवले पाहिजे.