पाकपुस्तकांतील ‘अंदाज’

मराठी पाकपुस्तकांत वारंवार येणारा, आणि तरीही वाचकाच्या पदरात काहीच न टाकणारा असा शब्द कोणता, हे कोणी विचारल्यास आम्ही ‘अंदाजाने’ या शब्दाकडे बोट दाखवू. पाणी अंदाजाने, मीठ चवीपुरते, पीठ बेताचे सैल: या आज्ञा वाचून ज्यास बोध होतो त्यास पुस्तकाची गरज नसते, आणि ज्यास गरज असते त्यास बोध होत नाही. या एका शब्दापायी किती पातेली ओसंडली असतील, आणि किती कुटुंबांनी तीन दिवस एकच उसळ निमूटपणे खाल्ली असेल, त्याची गणती करणे कठीण आहे.

तथापि जुन्या ग्रंथकारांवर आळसाचा आरोप करणे न्यायाचे होणार नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. त्या काळी पुस्तक हाती घेणाऱ्या घरात आई, सासू अथवा आत्या चुलीपाशी बसलेली असेच. मूठ, ओंजळ, चिमूट ही मापे त्या हातांवरून या हातांवर येत. पुस्तकाने पदार्थाची आठवण द्यावी आणि प्रमाण घरातील वडीलधाऱ्या बाईने द्यावे, अशी ही वाटणी होती. शिवाय वीस पाने उठणाऱ्या घरात चुकीस लपावयास जागा असे. आमटी तिखट झाली तर तांब्याभर पाणी, भात उरला तर सकाळी फोडणी. दोघांच्या बिऱ्हाडात ही सोय राहत नाही. तेथे बोटाच्या चिमटीत आलेले चार कण अधिक मीठही भाजीचे भवितव्य ठरविते.

नेमक्या वजनांचे पुस्तक असते तरी निभावले असते असे नाही. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली, आणि शेर, अच्छेर, नवटाक हळूहळू बाजारातून गेले. पावशेर तेवढा बोलण्यात उरला, पण तोही वेष पालटून. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा पावशेर सुमारे २३३ ग्रॅम भरे. आज पावशेर मागणाऱ्यास दुकानदार २५० ग्रॅम मोजून देतो. म्हणजे आजीचे पुस्तक अक्षरशः पाळणाऱ्या नातीचा पदार्थ मुळातच थोडा निराळा व्हावयाचा.

इंग्रजीत हा प्रश्न बराच आधी हाताळला गेला. एलायझा ॲक्टन हिने १८४५ च्या आपल्या पुस्तकात जिनसांची प्रमाणे व लागणारा वेळ वेगळा काढून देण्याचा प्रघात पाडला. आणि १८९६ साली बोस्टनच्या पाकशाळेतील फॅनी फार्मर हिने सुरीने सपाट केलेला चमचा व पेला यांचा आग्रह धरला. शीग भरलेल्या चमच्यात सपाट चमच्याच्या दुप्पटही जिन्नस मावतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहाचे मोल कळते.

मराठीत या बाबतीत खरी क्रांती केली ती कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने, १९७० साली. त्यांनी वाटी आणि चमचा हीच मापे घेतली. वरवर पाहता ही तडजोड वाटेल, कारण दोन घरच्या वाट्या सारख्या नसतात. पण आमच्या मते मर्म याच ठिकाणी आहे. पाककृतीत महत्त्व वजनास नसून परस्परप्रमाणास असते. तांदूळ ज्या वाटीने घेतले त्याच वाटीने पाणी घातले, तर वाटी लहान की मोठी हा प्रश्नच उरत नाही. सरकारने ठरविलेली मापे सरकारने बदलली. वाटी मात्र कोणी ठरविलेली नव्हती, म्हणून ती टिकली. लग्नात मुलीस हे पुस्तक देण्याची चाल पडली, ती उगीच नव्हे.

मात्र वाटीनेही सर्व संकट टळत नाही. एक वाटी तांदळाचा सुमारे तीन वाट्या भात होतो. भिजलेला साबुदाणा सुमारे दुपटीने फुगतो. मोड आलेली मटकी रात्री ठेवलेल्या भांड्यात सकाळी मावत नाही. उलट मेथीच्या दोन जुड्या कढईत मुठीएवढ्या होतात, आणि हिरव्या ढिगाकडे पाहून घातलेले मीठ मात्र तेवढेच राहते. किती घ्यावे हे पुस्तके सांगतात. त्याचे किती होईल, आणि ते किती जणांस पुरेल, हे सांगणारी पुस्तके अद्याप थोडी आहेत.

त्यातून आमच्यासारख्या शिकलेल्यांस त्रैराशिकाचा मोह आवरत नाही. चौघांस अमुक, तर सोळांस किती? चौपट तांदूळ ठीक. पण चौपट पाणी घातले की भाताची पेज होते, कारण वाफ होऊन जाणारे पाणी तांदळाच्या मापाने जात नसून भांड्याचे तोंड आणि आच यांच्या मापाने जाते. फोडणीचे तेल आणि मिरच्या यांनाही चौपटीचा नियम लागू नाही. एकाही पाकपुस्तकात यावर स्वतंत्र प्रकरण आमच्या पाहण्यात नाही. तसेच, बिघडलेले प्रमाण कोठे थांबवावे, यावरही नाही. कणीक सैल झाली म्हणून पीठ, घट्ट झाली म्हणून पाणी, आणि पुन्हा पीठ, हा क्रम डबा रिकामा होईपर्यंत चालू शकतो.

या फजितीवर आपल्याकडे विनोद पुष्कळ झाला. पण त्यातला पक्षपात टीकाकारांनी फारसा ध्यानात घेतलेला दिसत नाही. बायको माहेरी गेल्यावर नवऱ्याने केलेला चिकट भात हा पराक्रम म्हणून रंगविला जातो, श्रोते त्याच्या बाजूने हसतात. नव्या सुनेच्या हातून तोच भात झाला, की हसू तिच्यावर असते, आणि ते वर्षानुवर्षे पंक्तीत वाढले जाते. वस्तुतः दोघांच्याही हाती तेच अपुरे पुस्तक होते. शाळा-महाविद्यालयात वाढलेल्या मुलीस चुलीपाशी उमेदवारी करावयास वेळ मिळाला नाही हा तिचा दोष नव्हे, आणि मुलग्यास ती उमेदवारी कोणी करूच दिली नाही हा त्याचाही नव्हे. दोष द्यावयाचाच तर ‘अंदाजाने’ लिहून पुढच्या कृतीकडे वळणाऱ्या लेखणीस द्यावा.

ही उणीव वाचकांनी आपल्यापुरती भरून काढलेली दिसते. पाकपुस्तकांच्या हाताळलेल्या, हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या कित्येक प्रती आम्ही पाहिल्या आहेत. समासात पेन्सिलीने लिहिलेले असते: आपल्या वाटीने पाणी पाव वाटी अधिक, सहा जणांस पुरले, मिरच्या दोनच. नवी आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकांनी अशा दहा-वीस प्रती मागवून हे समास आधी वाचावेत.